नझीर बोलतोय

फरझानाभाभींनी फोनवर नुसतं "हॅलो" म्हटलं, की पलीकडचा माणूस "बोला साहेब" म्हणतो. आवाजच तसा आहे, भरदार आणि खर्जातला. लहानपणी मुली त्यावरून चिडवायच्या. लग्नात सासरच्या एका चुलतीने बजावलं होतं, "नवरीनं जरा कमीच बोलावं." आता त्याच आवाजावर आमची अख्खी गल्ली चालते, आणि गेल्या महिन्यात त्या आवाजाने असा काही पराक्रम केला, की कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवतच नाही!

मी ऋजुता. रोह्याला शाळेत शिकवते, भाभींच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते, माहेर पेणचं. माझा राग नाकावर असतो असं लोक म्हणतात. असेल. पण या केबलच्या इंटरनेटवाल्यांशी बोलून ज्याला राग येत नाही, त्याला आधी डॉक्टरला दाखवा. "तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" हे ऐकवत ती बासरी वाजवायला लागतात ना, तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक जाते.

आमची गल्ली कुंडलिका नदीच्या अंगाला उतरते. घरं पक्की, फरशा चकचकीत, आणि बाप्ये सगळे आखातात. भाभींचे नझीरभाई कुवेतला क्रेन चालवत. घर बाप्याच्या नावावर, विजेचं मीटर बाप्याच्या नावावर, आणि सागरवेग केबल कंपनीचं नेटसुद्धा बाप्याच्याच नावावर. बाईने फोन करून "नेट बंद हाय" म्हटलं, की तिकडून पहिला प्रश्न, "कनेक्शन कुणाच्या नावावर आहे? त्यांना बोलायला द्या." आता त्यांना आणायचं कुठून? ते तिकडे उन्हात लोखंड उचलतायत!

एकदा भाभींनी असाच वैतागून फोन लावला. त्यांनी "हॅलो" म्हणायचा अवकाश, तिकडची मुलगी म्हणाली, "बोला नझीर सर, काय मदत करू?" भाभींनी क्षणभर भिंतीकडे पाहिलं, मग म्हणाल्या, "नझीर बोलतोय."

जे काम दोन महिने अडलं होतं, ते चहा उकळेपर्यंत झालं.

मग काय, गल्लीला बातमी लागायला वेळ लागतो का! शेजारची उमामा आपली तक्रार घेऊन आली, तिच्यासाठी भाभी तिचा नवरा झुबेर झाल्या. पलीकडच्या घरासाठी फैजल झाल्या. जन्मतारीख विचारली तर बिनधास्त "एक जून" सांगायच्या, कारण या वयाच्या निम्म्या बाप्यांना शाळेत घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकलेली. पेणला माझ्या आईवडिलांकडेही याच कंपनीचं कनेक्शन होतं. कुणी वापरत नव्हतं, म्हणून आम्हांला ते बंद करायचं होतं. वडिलांना ऐकू कमी येतं आणि कंपनीला बोलायला वडीलच हवेत. शेवटी भाभीच माझे वडील झाल्या! "नमस्कार, मी विष्णुपंत बोलतोय, पेणहून," अशी सुरुवात केली आणि सगळं संभाषण इतक्या शुद्ध पेठी थाटात केलं, की तेव्हा माझ्याकडे आलेली माझी आई मालतीबाई पदर तोंडात कोंबून हसत बसली.

मध्येच एक भानगड झाली. कुण्या टारगट पोराने फोन करून "मी नझीरचा भाऊ" असं सांगितलं आणि कंपनीने भाभींच्या गळ्यात महागडा प्लॅन बांधला. भाभींनी फोन लावला आणि अशा गरजल्या, की वर माझ्या खिडकीची काच थरथरली. "यापुढं माझ्याबिगर कुणाचं ऐकायचं नाय! माझा आवाज वळखून ठेवा!" तिकडे तक्रारी घ्यायला नमिता नावाची मुलगी असते. तिने घाबरून ते लिहून ठेवलं. आता सरांचा आवाज मी कधी विसरणार नाही, असा शब्दही दिला.

आणि यंदा नझीरभाई सुट्टीवर आले.

या खेपेला ते परत जायच्या गोष्टी करत नव्हते. इथल्याच एका कारखान्यात क्रेनवर माणूस हवा होता. अर्ज गेला, मुंबईच्या साहेबांनी व्हिडिओवर मुलाखत ठेवली, गुरुवारी चार वाजता. भाभी वर माझ्याकडे आल्या, उगाच डब्यांची झाकणं लावत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, आमच्या लग्नाला इतकी वर्सं झाली. पण दोघं एका घरात राहिलो ते दिवस मोजायचीच मला भीती वाटते. हे काम भेटलं तर राहतील वो. नाय भेटलं तर पंधरा दिवसांनी विमान हाय." मी त्यांचा हात धरला.

गुरुवारी दुपारी गल्लीतलं सगळ्यांचं नेट एकदम गेलं!

कारण ऐका आणि माझ्यासारखे दातओठ खा. पेणचं कनेक्शन बंद झालं होतं, त्याचा तो मोडेमचा डबा कंपनीचा माणूस परतही घेऊन गेला होता, तरी बिल येतच होतं. दर वेळी तक्रार केली की मोबाईलवर निरोप यायचा, "आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे." डोंबलाचं निवारण! आणि भाभी सगळ्यांसाठी आपल्याच मोबाईलवरून बोलायच्या, म्हणून कंपनीच्या कॉम्प्युटरने ठरवलं, की नझीर, झुबेर, फैजल आणि विष्णुपंत हा सगळा एकच माणूस. विष्णुपंतांनी पैसे बुडवले, सबब सगळ्यांची वायर बंद, असा निरोपच भाभींच्या मोबाईलवर आला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरही नव्हता.

मोबाईलवर व्हिडिओ चालेना, आमच्या खोलगट गल्लीत माणसाचा चेहरा अर्ध्यातच अडकतो. शाळेत नेट आहे, पण शाळेला सुट्टी, आणि चावी घेऊन शिपाई गागोद्याला लग्नाला गेलेला. भाभींची मुलगी हुदा लॅपटॉप मांडून रडवेली बसली होती.

"आण इकडं फोन," नझीरभाई म्हणाले. "कनेक्शन माझंच हाय ना? मीच बोलतो."

भाभींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. नवऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नझीरभाईंचा आवाज बारीक आणि मऊ आहे, हे सांगायचं राहिलंच.

"मी नझीर बोलतोय," ते म्हणाले. फोन स्पीकरवर होता.

"आपण कोण?" नमिताने विचारलं.

"नझीर. सांगितलं ना."

"हे बघा," नमिता कडक झाली, "नझीर सरांचा आवाज मी ओळखते. दुसऱ्याच्या नावाने बोलणं गुन्हा आहे."

नझीरभाईंनी जन्मतारीख सांगितली. पासपोर्टचा नंबर सांगितला. आजोबांचं नावही सांगितलं! नमिता म्हणाली, "सरांनीच सांगून ठेवलंय, दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही." आणि फोन ठेवून दिला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीवर बसून तो माणूस स्वतः नाही असा ठरला. हसावं की रडावं! घड्याळात साडेतीन झाले होते.

भाभींनी फोन उचलला. नवऱ्याकडे पाठ केली, डोक्यावरची ओढणी पुढे ओढली आणि नंबर लावला.

"नझीर बोलतोय."

"सर!" नमिता आनंदाने ओरडलीच. "आत्ता तुमच्या नावाने कुणीतरी..."

"म्हायती हाय. आमच्याच घरातला हाय तो. भोळा हाय, सोडून द्या."

नझीरभाईंचं तोंड उघडं ते उघडंच. हुदाने तोंडावर उशी दाबली. पण भाभी सुटल्या होत्या. "पेणचा डबा तुमच्या कपाटात नि बिल माझ्या डोक्यावर? हा कुठला न्याय?" नमिता म्हणाली, तक्रार नोंदवते, दोन दिवसांत बघतो.

तेव्हा भाभींचा आवाज खाली आला. इतका खाली, की आम्ही सगळे पुढे झुकलो.

"पोरी, दोन दिवस नाय माझ्याकडं. चारला माझी मुलाखत हाय. सगळी जवानी मी बाहेर काढली. माझी पोरगी फोनवर मोठी झाली. ईदला मी फोनवर, आई गेली तवा मी फोनवर. घरात माझी बायको एकटी सगळं बघते, नि मी विचारलं का म्हणते, समदं ठीक हाय. आता मला परत नाय जायाचं. मला घरी राहायचंय. तेवढी लाईन चालू कर."

पलीकडे बासरीसुद्धा वाजली नाही. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आणि नझीरभाई? ते भाभींच्या पाठीकडे एकटक बघत होते. जे बोलायला त्यांना इतकी वर्षं जमलं नव्हतं, ते त्यांच्याच नावाने कुणीतरी बोलून टाकलं होतं.

"सर, फोन ठेवू नका," नमिता म्हणाली. "साहेबांकडे जाऊन येते."

ती गेली, आली, आणि डब्यावरचा लाल दिवा हिरवा झाला! बाहेर गल्लीत उमामा ओरडली, "नेट आला गो, आला!" आम्ही असा गलका केला, की नमिताने नक्की ऐकला असणार.

चारला मुलाखत सुरू झाली. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून भाभी खिडकीखाली जमिनीवर बसल्या. शेवटी मुंबईच्या साहेबांनी विचारलं, "बाहेर पगार जास्त आहे. पुन्हा निघून तर जाणार नाही ना?" नझीरभाईंनी लॅपटॉपवरून नजर काढून खाली खिडकीकडे पाहिलं आणि त्या बारीक आवाजात म्हणाले, "नाय साहेब. मला घरी राहायचंय."

काम मिळालं! विमानाचं तिकीट रद्द झालं. पहिल्या शिफ्टहून ते परत आले, तेव्हा भाभींनी गल्लीभर खीर वाटली. नझीरभाई आता येताजाता बायकोला "काय नझीरशेठ?" म्हणून चिडवतात आणि ओढणीचा फटका खातात.

परवा मी त्यांच्याकडे चहाला बसले होते. भाभींचा फोन वाजला. नमिताच होती, नेट नीट चालतंय का विचारायला. "नझीर सर आहेत ना?"

भाभींनी सवयीने छातीत श्वास भरला. आत मोरीत नझीरभाई मासे साफ करत होते, हुदाशी काहीतरी बडबडत होते. भाभींनी तो श्वास हळूच सोडून दिला.

"हायत की," त्या म्हणाल्या. "घरातच हायत. थांबा हां, बोलावते."