समुद्राच्या पाण्याच्या दोन बादल्या

माझी पत्नी मंगळवारी वारली. बुधवारी माती दिली. शुक्रवारी तिने मागवलेली माशांची नवी टाकी आली.

लातुरात तेव्हा नळ बंद होते, टँकर दहा-बारा दिवसांनी यायचा. अशा गावात तिने समुद्र पाळला होता. ती कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. माहेर मुखेडचं; खरा समुद्र तिने एकदाच पाहिलेला. दोन हात लांबीच्या काचेत चार जिवंत प्रवाळ आणि नारंगी माशांची जोडी. शेजारच्या काकू म्हणायच्या, "आम्हाला घागर मिळंना, अन् सरांच्या घरी माशाला समुद्र." पत्नी नुसती हसायची.

जुन्या टाकीचा कोपरा पाझरत होता. मी ग्रंथपाल, मला त्यातलं काही कळत नव्हतं. सामान हलवायचा क्रम तिने वहीत लिहून ठेवला होता. आधी पाणी बादल्यांत, मग प्रवाळाचे दगड ओलेच, मासे शेवटी. 'जुनं पाणी जपणे' या शब्दांखाली तिने दोनदा रेघ ओढली होती. पाच बादल्या भरून मी अंगणात ठेवल्या आणि दगड, मग मासे टबात काढायला आत गेलो.

बाहेर आलो तर दोन बादल्या रिकाम्या होत्या. माझी आई लिंबोणीच्या आळ्यापाशी उभी होती. त्या वर्षी तांदूळ धुतलेलं, भांडी विसळलेलं सगळं पाणी तिथंच जायचं. ती लिंबोणी पत्नीनेच लावलेली.

"आई, ते खारं पाणी होतं."

"मला वाटलं, माशाचं धुवण हाय. पोरीचं झाड वाळून राहिलं म्हणून..." तिने बादली खाली ठेवली. "आता कसं रं?"

मासे टबात होते, आणि उरलेलं पाणी त्यांना पुरणार नव्हतं.

काकूंनी भिंतीपलीकडून ऐकलं असावं. थोड्या वेळाने त्यांनी पिण्याच्या पाण्याचे दोन जार दारात आणून ठेवले. "मीठ तुमचं टाका, सर," एवढंच म्हणाल्या.

पत्नीच्या डब्यातलं टाकीसाठीचं समुद्री मीठ वहीत बघून, मोजून विरघळवलं. संध्याकाळी मासे सोडले.

आठवड्यात एक मासा मेला. दोन प्रवाळ पांढरे पडले. आई रोज सकाळी आळ्यातली वरची माती खरडून बाहेर टाकत राहिली, पण लिंबोणी वाळली.

टाकीत आता एक मासा आणि दोन प्रवाळ आहेत.