थांबवणारा भाऊ लातूरला

नांदेडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या काकांचं नाव मी कधी विचारलं नाही. ते स्क्रू-ड्रायव्हर क्वचितच हातात घेतात. बंद मिक्सरवर तळहात ठेवून "ऊठ की बाळा" म्हणतात आणि मिक्सर सुरू होतो. ही विद्या त्यांच्या वडिलांची. वडिलांनी जाताना ती दोघा मुलांत वाटली. सुरू करायचा मंत्र यांना दिला, थांबवायचा लातूरच्या थोरल्याला. चांगला वाटा कुणाचा, यावरून दोघं सहा वर्षं बोलत नव्हते.

परवा दुकानात त्यांनी सुरू केलेला माझा मिक्सर थांबेचना. वायर काढली तरी फिरतच होता. आतल्या शेंगदाण्याच्या चटणीचं तेल झालं, मग तो टेबलावरून सरकत दाराकडे निघाला. काकांनी त्याला दोन्ही हातांनी कवटाळलं.

"भावाला फोन लावा," मी म्हणाले.

"न्हाई. त्याला लई गर्व हाय." बोलताना त्यांचे दात वाजत होते.

मी त्यांचाच मोबाइल पुढे धरला. त्यांनी नाकानं दहाही आकडे दाबले. एकही विसरले नव्हते.

"दादा, मिक्सर थांबंना झालाय."

"थांब रे," पलीकडून आवाज आला. मिक्सर थांबला. काकांचे दातही वाजायचे थांबले.

"जेवलास का?" दादांनी विचारलं.

"न्हाई अजून."

तासाभरापूर्वीच मी त्यांना तीन भाकरी खाताना पाहिलं होतं. दादा रागवायला लागले आणि काका मान खाली घालून, सुखानं ऐकत राहिले.