सात वर्षं निजलेले टायर

दुकानात आलेल्या माणसाचं तोंड थोरली सगळ्यात शेवटी बघायची. आधी चाक, मग चपला, आणि वेळ उरलाच तर तोंड. गिऱ्हाइकं तिला समोर ताई म्हणत आणि दोन दुकानं पुढे गेली की पाना म्हणत, कारण नट कसावा तशी ती माणसालाही कसायची, फिरायची जागाच ठेवायची नाही. हे नाव तिला ठाऊक होतं. आवडायचंही, पण तेवढं कबूल करेल तर ती थोरली कसली.

दुकानाचा नियम एकच, तिच्या वडिलांपासूनचा. जुना टायर बघितल्याशिवाय नवा द्यायचा नाही. गिऱ्हाइकाला बुटक्या स्टुलावर बसवायचं, त्याचा जुना टायर त्याच्यासमोर उभा करायचा आणि कानामागे खोचलेला पिवळा खडू काढून ती टायर वाचायला लागायची. मागे एक गृहस्थ आले होते. जाकिटाला सतरा खिसे, हेल्मेटवर कॅमेरा. डोंगरातल्या वाटांशिवाय आपल्याला करमत नाही म्हणाले. थोरलीनं टायर फिरवला. "मधोमध झिजून टेबलासारखा चपटा झालाय, आणि कडांवरचे रबराचे केससुद्धा गेले नाहीत अजून. वळण आलं की तुम्ही उतरून गाडी ढकलत नेता का हो?" गृहस्थांनी टायर मुकाट्यानं घेतला. कॅमेरा मात्र बंद करायला विसरले होते, हे त्यांना घरी गेल्यावर कळलं असणार.

तर अशी ही चोपन्न वर्षांची बाई. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, "दोन्ही हात काळे असतात, पिवळे करायचे कुठे?" वडिलांना दोन मुलीच. दुकान थोरलीनं सांभाळलं. धाकटीनं लग्न केलं एका वजनमापं तपासणाऱ्या इन्स्पेक्टरशी. दुकानादुकानांत जाऊन तराजू पकडायचे, काट्यावरचा शिक्का बघायचा आणि प्रत्येक दुकानदार चोर आहे असं धरून चालायचं, ही त्याची नोकरी. असा माणूस दुकानदाराचा जावई झाला म्हटल्यावर पुढचं काय सांगायचं.

पण खरी ठिणगी पडली ती गाडीवरून. वडिलांची जुनी, काळी, जड मोटरसायकल. थोरली नऊ वर्षांची असल्यापासून त्या गाडीच्या चाकांच्या तारा पुसत आलेली. वडील जाताना दुकान तिच्या नावावर करून गेले आणि गाडी दिली जावयाला. म्हणाले, "तुला दुकान आहे, त्यांना फिरायची हौस आहे." थोरलीनं त्याही दिवशी तारा पुसल्या. तीन महिन्यांनी जावई गाडी दाखवायला घेऊन आला तेव्हा मात्र ती गाडीखाली वाकली, दोन मिनिटं तिथेच राहिली आणि सरळ चेहऱ्यानं म्हणाली, "चॅसिसला तडा गेलाय. चालवण्यासारखी नाही राहिली. इथेच ठेवून जा."

तडाबिडा काही नव्हता. तिला गाडी हवी होती.

पण जावई कोण? इन्स्पेक्टर. तो गाडी घेऊन तीन गॅरेजं फिरला, तिघांकडून तडा नसल्याचे तीन कागद लिहून आणले, तिच्या काउंटरवर ठेवले आणि वारा लागून उडू नयेत म्हणून वर तिचाच पाना ठेवून निघून गेला. त्याला अकरा वर्षं झाली. त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांशी सरळ बोलणं टाकलं. धाकटीचं येणंही कमी होत गेलं आणि थोरलीनं मनाशी गाठ मारली की नवऱ्यानं तिला सगळं सांगितलंय.

आता या मंगळवारची गोष्ट. सकाळी साडेदहाला तीच काळी गाडी दारात येऊन थांबली. पुढे जावई, नुकताच निवृत्त झालेला, छातीशी वही. मागे धाकटी, आणि तिच्या दोन खांद्यांत दोन नवे टायर अडकवलेले, मधून फक्त डोकं बाहेर.

"हे काय सोंग?" थोरली म्हणाली.

"आम्ही चाललोय," धाकटी टायरांतून सुटायची धडपड करत म्हणाली. "सव्वीस दिवस. समुद्रापर्यंत, मग वरचा घाट चढून परत. सहा हजार दोनशे किलोमीटर. आमचा टायरवाला गावाला गेलाय, आणि आम्हाला परवा निघायचंय."

"तिला सांग, फक्त बसवून हवेत," जावई भिंतीवरच्या कॅलेंडरला म्हणाला.

"त्यांना सांग, मी डोळे मिटून टायर बसवत नाही. आधी बघते मग बसवते."

धाकटीनं दोघांकडे बघून सुस्कारा टाकला. अकरा वर्षांत ती दोघांची टपालपेटी झाली होती.

थोरलीनं नवा टायर मांडीवर घेतला. नक्षी खोल, केस शाबूत, कागदाची पट्टीसुद्धा चिकटलेली. तिनं अंगठ्याचं नख रबरात रोवलं. नख रुतलं नाही. मग ती टायरची कड उजेडाकडे धरून हळूहळू फिरवत गेली, एका जागी थांबली आणि तिथे खडूनं गोल काढला.

"कुठून आणले?"

"तिला सांग, एक दुकान बंद होत होतं तिथून. पंचवीस हजार किलोमीटर जाणारा टायर आहे. मी तीन महिने तक्ता केलाय. एकोणीस प्रकारचे टायर तपासले. यापेक्षा टिकाऊ एकही नाही."

"टिकणारच. सात वर्षं नुसता निजून काढलीत त्यानं. हे चार छोटे आकडे बघ. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. गोदामात पडून पडून रबराचं लाकूड झालंय. कोरड्या सरळ रस्त्यावर काही कळणार नाही. घाटात ओल्या वळणावर ह्यांनी गाडी वाकवली की चाक जाईल एकीकडे आणि तू दुसरीकडे."

जावई पहिल्यांदाच कॅलेंडरवरून नजर काढून हसला. ते हसणं बघून एखाद्याचं दूध नासलं असतं.

"तो कारखान्याचा कसलातरी नंबर असेल. आणि टायर इथून घेतले नाहीत म्हटल्यावर त्यांना तडे दिसणारच. इथे काही जणांना तडे फार पटकन दिसतात."

थोरलीच्या कानशिलावरची शीर उडाली. तिनं खडूचा गोल उगाच पुन्हा गिरवला. माणूस खोटं बोलत नव्हता.

"बसवून दे ना गं ताई," धाकटी म्हणाली. "कशाला दर वेळी तेच. तू नाही बसवलेस तर हे चौकातल्या त्या पंक्चरवाल्याकडे जातील आणि त्याला तर चाक गोल असतं एवढंच माहितीय."

तेही खरंच होतं. थोरलीनं नाही म्हटलं असतं तरी टायर चढलेच असते. तिनं धाकटीकडे बघितलं. धाकटीनं प्रवासासाठी नवी जाड पँट घेतली होती, लहान मुलीसारखी ती सारखी तिच्या खिशांत हात घालत होती. घाटात पाठीमागे बसणार होती ती.

"यांचा माझ्यावर विश्वास नाही," थोरली धाकटीला म्हणाली. "नसणारच. तुला माहितीच आहे, का ते."

"काय माहितीय?"

"चॅसिसचं."

"कसलं चॅसिस?"

थोरलीनं जावयाकडे बघितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा, सरळ तोंडाकडे. तो वही उगाच उघडझाप करत होता.

"जाऊ द्या ताई," तो पुटपुटला. "ते काढायची गरज नाही."

म्हणजे सांगितलंच नव्हतं त्यानं. घरात, बायकोजवळ, एकदाही. थोरलीला आणखी संताप आला. शत्रू कसा नीट शत्रूसारखा वागला तर आपल्याला बरं पडतं. आता तिला गप्प बसायची आयती सोय झाली होती. हो म्हणायचं, टायर चढवायचे, आणि धाकटीच्या डोळ्यांत ती मोठी बहीण राहिली असती, जरा तिखट, पण सरळ.

हातातला टायर लाकडासारखा लागत होता.

"वडील गेल्यावर मी यांना सांगितलं, गाडीला तडा गेलाय, चालवू नका," थोरली म्हणाली. "खोटं होतं. गाडी मला हवी होती. यांनी तीन ठिकाणी तपासून मला पकडलं. म्हणून हे माझं ऐकत नाहीत."

कंप्रेसर तेवढ्यात आपोआप चालू झाला आणि धडधडून बंद पडला.

"मला सांगायचंस ना, गाडी हवीय म्हणून," धाकटी म्हणाली. "मी दिली असती. किल्ली आणून ठेवली असती तुझ्या हातावर. तुला सरळ मागायला काय धाड भरली होती?"

थोरलीनं मांडीवरचा टायर खाली ठेवला.

"आणि तुम्ही," ती नवऱ्याकडे वळली. "दर वेळी ताईकडे जाऊ म्हटलं की तुम्हाला नेमकी सर्दी व्हायची. अकरा वर्षं सर्दी. मी आपली वाफारे देतेय."

"तुला वाईट वाटलं असतं."

"आता काय गुदगुल्या होतायत? तीन महिने एवढा तक्ता केलात ना, मग त्यात बघा. चार आकड्यांचं काय ते. आत्ता. माझ्यासमोर."

जावयानं वही उघडली. पानं उलटली. एका पानावर त्याचं बोट थांबलं आणि तिथेच राहिलं. चौदावी ओळ, त्याच्याच रेखीव अक्षरात, खाली लाल पेनानं रेघ मारलेली: टायरची तारीख कशी वाचावी. स्वतः उतरवून काढलं होतं. टायर मिळाल्याच्या आनंदात बघायचं राहिलं.

"बरोबर आहे," तो कॅलेंडरला म्हणाला.

"शिक्का बघायचा राहिला होय, साहेब?" थोरलीच्या जिभेला राहवलं नाही. "छत्तीस वर्षं लोकांचे शिक्के बघितलेत म्हणे."

"ताई, तू गप्प बस," धाकटी म्हणाली. "तुझं तोंड मला आत्ता नको आहे." आणि ती बाहेर जाऊन पायरीवर पाठ करून बसली.

मग आत दोघांचं जे भांडण जुंपलं ते निखळ टायरचं होतं, आणि मधे टपालपेटी नसल्यामुळे फार वेगानं झालं. त्यानं जुने टायर दाखवले, तिनं वाचले. मागचा मधे झिजलेला, पुढचा एका बाजूनं खाल्लेला. "ब्रेक फक्त पुढचा दाबता तुम्ही. पाय शोभेला आहे का?" त्याला पंचवीस हजारवालाच हवा होता, ताजा. तिनं वेगळा काढला. मधला पट्टा टणक म्हणजे सरळ रस्त्यावर टिकेल, कडा मऊ म्हणजे वळणावर धरेल, आणि दोन माणसं अधिक सामान पेलेल एवढा वजनाचा आकडा कडेवर कोरलेला.

"हा किती जाईल?"

"पंधरा हजार. नीट हवा ठेवलीत तर."

"पण पंचवीसवाला असताना..."

"असू दे की. त्याच्यावर मागे सिमेंटचं पोतं बसवा. माझी बहीण नाही बसणार."

त्यानं नव्या टायरची तारीख स्वतः वाचली. दोनदा. मग मान हलवली. तिनं साबणाचं पाणी लावून, लिव्हर घालून दोन्ही टायर चढवले. टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला आहे का ते त्यानं तपासलं. होता. तरी त्याच्या चेहऱ्यावर नसता तर बरं झालं असतं असंच होतं. शेवटी तिनं गाडीच्या बाजूच्या पेटीचं झाकण उघडून आतून खडूनं लिहिलं: पुढे २८, मागे ३६, रोज सकाळी, गाडी गार असताना.

धाकटी गाडीवर बसली. निघताना मागे वळून बघितलं नाही. ते सात वर्षांचे टायर दुकानातच राहिले. थोरलीनं त्याच दुपारी सुरा घालून दोन्ही फाडले, उगाच कुणाच्या हाती लागायला नकोत. जरा जास्तच बारीक फाडले.

सव्वीस दिवसांत फोन नाही. सत्ताविसाव्या दिवशी जावई एकटाच आला. नाक उन्हानं सोललेलं, दाढी वाढलेली. टपालपेटी नव्हती, त्यामुळे तो थेट कॅलेंडरशी बोलला. "मागच्या चाकाची तार ढिली वाटतेय."

थोरलीनं गाडी स्टँडवर घेतली आणि आधी टायर वाचला. कडा अगदी शेवटच्या बोटापर्यंत खरडलेल्या, दोन्ही बाजूंनी सारख्या. घाट नीट चढले आणि नीट उतरले होते. मधला पट्टा सगळीकडे एकसारखा झिजलेला. एक दिवसही हवा कमी पडलेली दिसत नव्हती.

"रोज हवा बघितलीत."

"मी नाही. ती बघायची. मला हातही लावू द्यायची नाही."

"माझ्याबद्दल काही बोलली?"

"नाव काढलं नाही," जावई म्हणाला. त्याला ते सांगायला जरा बरंच वाटलं.

थोरलीनं तारा कसायच्या चावीसाठी गाडीच्या पेटीचं झाकण उघडलं. खडू कधीच पुसला जायला हवा होता. पण तिचे आकडे तिथेच होते, तिच्याच वळणाचे, तिच्या दोनाच्या लांब शेपटीसकट. कुणीतरी खडूच्या रेघेवरून लाल नेलपॉलिशनं गिरवले होते. दोन-तीनदा तरी, कारण थर जाड झाला होता.

तिनं झाकण लावलं. ढिली तार एकच होती, तिनं सगळ्या कसल्या. त्याला बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ जावयानं कॅलेंडरच्या सगळ्या तारखा वाचून काढल्या.

"तिला सांगा," थोरली हात पुसत म्हणाली, "पुढच्या वेळी टायर बदलायला येईल तेव्हा जुना टायर तिनं स्वतः घेऊन यायचा. तुमच्या हाती पाठवलेला मी बघणार नाही."

"ती नाही यायची."

"मग नवा मिळणार नाही. दुकानाचा नियम आहे."

"असा कुठे नियम असतो? कुठे लिहिलाय?"

थोरलीनं कानामागचा खडू काढून त्याच्यापुढे धरला. "वही आहे ना? लिहून घ्या."

त्यानं खडू घेतला नाही. खिशातला पेन काढला आणि भिंतीला वही टेकवून, कपाळावर आठ्या घालत, लिहून घेतलं.