सविताच्या नळीचं वजन

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही... म्हणजे नव्हता. सासूबाई दर शनिवारी माझ्या स्कूटीला लिंबू-मिरची बांधतात आणि मी इंदिरानगरचा चौक यायच्या आत ती सोडून टाकते. हे शीतयुद्ध आमच्या घरात कित्येक वर्षं चालू आहे. त्यामुळे हे लिहिताना मला माझाच राग येतोय. पण लॅबमधली माझी सहकारी अर्चना म्हणाली, लिहून मोकळी हो, नाहीतर तुझी चिडचिड आम्हाला भोगावी लागते. म्हणून लिहिते.

नाशिकमधल्या एका हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर आमची छोटीशी लॅब आहे. बरोबर खाली एनआयसीयू – अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग. आमचं काम आईच्या दुधावर चालतं. दुधात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक पिशव्या असतात. आईच्या पेशी त्यांत प्रोटीन्स भरून बाळाकडे पाठवतात, माहेरून लेकीला डबा यावा तसं. त्या पिशव्या वेगळ्या काढायच्या आणि आत कोणती प्रोटीन्स आहेत ते बघायचं. त्यासाठी दूध सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या मशीनमध्ये घालतात. आधी हळू फिरवून साय काढायची, मग पेशी बाजूला करायच्या, मग प्रचंड वेगानं फिरवलं की पिशव्या तळाशी बसतात. इथे एक नियम मात्र देवालाही चुकत नाही. समोरासमोरच्या दोन नळ्यांचं वजन अगदी सारखं हवं. नसेल तर मशीन थरथरतं आणि बंद पडतं. म्हणून प्रत्येक नळी आधी काट्यावर चढते.

नळीवर नाव नसतं, नंबर असतो. पण सविताची बाटली मीच तिच्या हातून घेतली होती. दिंडोरीकडची, बोलकी पोरगी. तिची मुलगी फार लवकर जन्मली, म्हणून खाली ठेवलेली. सविताला दूध भरपूर. बाळाला पुरून उरायचं, तेव्हा त्यातलं थोडं तिनं आम्हाला दिलं. वर मलाच विचारलं, "ताई, फिरवून फिरवून लोणी काढनार का माझ्या दुधाचं?"

बाळ जरा स्थिर झालं तशी ती घरी एक चक्कर मारायला गेली. संध्याकाळच्या दुधाच्या आत येते, असं सिस्टरना सांगून गेली. परत येताना जीप उलटली आणि ती जागीच गेली.

बाळाला मग मिल्क बँकेतलं दुसऱ्या आयांचं दूध सुरू झालं. पोर ते पोटात ठेवेनाच. बोंडल्यानं दिलेलं सगळं ओकून टाकायची आणि रडायची. वजन रोज घटत होतं. डॉक्टरांचे चेहरे बघवत नव्हते. सविताची आई, काशीबाई, नातीसाठी हॉस्पिटलातच राहिली होती. एक दिवस ती आमच्या दाराशी आली. "ताई, माझ्या लेकीचं दूध तुमच्याकडं हाय म्हनं. तेवढं द्या, पोर वाचंल माझी."

मी नाही म्हटलं. साय काढलेलं, नळ्या बदललेलं ते दूध बाळाला देण्यासारखं राहिलंच नव्हतं. माझं उत्तर बरोबर होतं, आणि बरोबर उत्तर देऊन इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्याच दुधाची नळी फिरवायला घेतली. समोरच्या नळीशी वजन जुळवलं, मशीन लावलं... आणि ते थरथरून बंद पडलं. बाहेर काढून पाहिलं तर सविताची नळी जड झालेली. अर्चना म्हणाली, तू काटा नीट बघितला नाहीस. मी म्हटलं, तू बघ. तिनं जुळवलं, पुन्हा तेच. काटा तपासला, नळी बदलली, जागा बदलली. इतर आयांच्या नळ्या निमूट फिरत होत्या. शेवटी झाकण घट्ट लावून ती नळी नुसती काट्यावर ठेवली आणि दोघी बघत बसलो. आकडा हळूहळू वर सरकत होता. दुधाची पातळीही.

तेवढ्यात अर्चना म्हणाली, "खालची पोर रडतीये."

लॅबवाल्यांची खोड वाईट. भीती वाटली तरी आधी पडताळून बघतात. मी फोन कानाला लावून खाली गेले, अर्चना काट्यापाशी थांबली. बाळ रडलं की ती म्हणायची, "वाढतंय." बाळ थकून गप्प झालं की म्हणायची, "थांबलं." किती वेळ मी तिथे उभी होते कोण जाणे.

काशीबाई माझ्याकडेच बघत होती. काय झालं, म्हणाली. मी सांगून टाकलं. ती ना दचकली, ना रडली.

"पान्हा फुटलाय तिला," ती म्हणाली. "लेकरू रडलं का फुटनारच."

मग तिनं दहाव्याचं सांगितलं. गोदाकाठी पिंडाला कावळा शिवलाच नव्हता. सगळ्यांनी हात जोडून कबूल केलं – पोरीला सांभाळू, शिकवू, काही कमी पडू देणार नाही. तरी नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. तिची इच्छा काय राहिली ते कुणालाच कळलं नाही.

"आता कळलं मला," काशीबाई म्हणाली. "मला वर न्या."

नियमात बसत नव्हतं, तरी नेलं. खालून रडण्याचा आवाज येत होता आणि आकडा सरकत होता. काशीबाईनं काट्यापाशी तोंड नेलं आणि झोपलेल्या माणसाला उठवावं तशा हळू आवाजात बोलली, "सविता... आई बोलतीय. तू गेलीस बाई. जीप उलटली तवाच गेलीस. तुला कुनी सांगितलंच नाय. आता पोरीला दुसरीचं दूध गोड लागू दे."

आकडा थांबला. खाली बाळ अजून रडत होतं, तरीही थांबलेलाच राहिला. थोड्या वेळानं रडणंही थांबलं. सिस्टरचा फोन आला – पोरीनं दूध घेतलं, ओकली नाही.

काशीबाईनं विचारलं, "आता वाढत न्हाय का?"

"नाही, मावशी."

"म्हंजी ऐकलं तिनं," ती म्हणाली आणि लॅबच्या फरशीवर बसून हंबरडा फोडून रडली. दहाव्यालाही ती अशी रडली नसेल. नातीसाठी तिनं स्वतःच्या लेकीला स्वतःच्या तोंडानं जायला सांगितलं होतं.

पोर आता चांगली गुटगुटीत आहे. डॉक्टर म्हणतात, अशी बाळं कधीकधी आपोआप रुळतात. असेल. नळीतल्या दुधाची आम्ही नंतर रीतसर तपासणी केली. पहिल्या दिवसांच्या चिकातली प्रोटीन्स वेगळी असतात आणि बाळ वाढतं तशी ती बदलत जातात. सविताचं दूध आम्ही घेतलं होतं पहिल्या दिवसांत. नळीत निघालं ते मशीन बंद पडलं त्या दिवशी बाळाचं जे वय होतं, त्या वयाचं. आमच्या लॅबच्या सरांनी सॅम्पलची अदलाबदल झाली असणार म्हणून विषय मिटवला. माझ्याकडे दुसरं स्पष्टीकरण नाही, त्यामुळे मी वाद घातला नाही.

नळी अजून फ्रीझरमध्ये आहे. कधीतरी काही निमित्त काढून मी ती काट्यावर ठेवते. अर्चना बघून न बघितल्यासारखं करते. वजन तेवढंच असतं, आणि दर वेळी मला भरून येतं.