डायोड बदलले आणि भिंत गप्प झाली

आता हसणारच असाल तर आधीच हसून घ्या, कारण मी जे केलं ते ऐकून आमच्या घरमालक आबांना पेढ्याचा ठसका लागला होता.

सणसवाडीत माझी भाड्याची खोली. दिवसभर कंपनीत मशिनशी बोलायचं आणि संध्याकाळी गिटारशी. तिसरं कोण? कुणी नाही! घरून फोन आला की "जेवलास का?" आणि "जेवलो" एवढ्यावर बोलणं संपायचं. फार एकटं वाटायचं हो, खोटं कशाला बोलू?

तर मी गिटार सुरू केली की शेजारच्या खोलीतून भिंतीवर ठोके पडायचे. धप्, धप्! तिथे दौंडचे जावेदमामा राहायचे. बोलणं कधी झालंच नव्हतं, दाराबाहेरच्या त्यांच्या चपला तेवढ्या ओळखायचो.

मी काय समजलो? माणूस वैतागलाय! आवाज कमी करावा, एवढी साधी गोष्ट. पण मी पडलो इलेक्ट्रिकलवाला! म्हटलं, दोष माझ्यात नाही, डायोडमध्ये आहे.

डायोड म्हणजे गिटारला जोडायच्या पेडलमधले, म्हणजे आवाज बदलणाऱ्या डबीतले, मुगाएवढे पार्ट. सुराला खरखर येते ती त्यांच्यामुळे. इंटरनेटवर एकजण शपथेवर सांगत होता, जर्मेनियमचे टाका, आवाज लोण्यासारखा होतो. मागवले, सोल्डर केले, वाजवलं. धप्, धप्! त्याहून भारी मागवले. ठोके आणखी जोरात! बोटं भाजली, पण मी हटतोय होय?

मग एका रविवारी नवी जोडी बसवली, वाजवलं... आणि भिंत गप्प!

काय आनंद झाला म्हणून सांगू! आवाजसुद्धा मला एकदम मखमली वाटायला लागला. चौकातून पेढे आणले आणि मामांकडे गेलो, तर दाराला कुलूप. चपलाही नाहीत.

खाली आबा बसले होते. त्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि विचारलं, "आबा, जावेदमामा कुठं गेले?"

"त्यो? त्यो कालच खोली सोडून गेला की. दौंडला घरापाशी काम लागलं त्याला."

मी चपापलो. "माझ्या गिटारचा लई त्रास झाला का हो त्यांना?"

"तरास? आरं, ढोलकी वाजवायचा त्यो! तू सुरू झाला की भितीवर ठेका धरायचा. मला म्हणला, पोरगं ग्वाड वाजवतंय, पर कवा दार उघडून 'या' म्हणलं न्हाई."

मग मी आबांना डायोडची हकिकत सांगितली, आणि तो ठसका!

ठोके बरोबर तालात पडत होते हो! आणि वाजवणारा मी, मलाच कळलं नाही? खोलीत आलो, जुने डायोड परत लावले. आवाजात काडीचा फरक ऐकू आला नाही. रडू तेवढं आलं.

आता तिथे नवा भाडेकरू आलाय. परवा सुट्टी होती म्हणून दुपारीच मी वाजवत होतो आणि भिंतीवर धप्, धप्! या वेळी चूक नाही करायची. आधी गॅसवर दोन कप चहा ठेवला, मग आवाज चढवला आणि धावत जाऊन दार उघडलं.

"या, या! आत या ना!"

दारात तो डोळे चोळत उभा. "दादा, नाइट करून आलोय. झोपू द्या की जरा!"

"हो हो, बंदच करतो. पण चहा घेता का?"

तो जाऊन झोपला. दोन्ही कप मी प्यायलो, आणि तेही आवाज न करता.