झाकणाचं टिचबटण

अन्याय झाला तो सुनंदावर, माझ्या मैत्रिणीवर, आम्ही नववीत असताना, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात.

आज भाचीच्या झबल्याचं टिचबटण लावलं आणि त्या ‘टिच’सरशी मी पुन्हा त्या पटांगणात पोचले. सुनंदानं केलेलं थर्माकोलचं विमान, फेव्हिकॉलचा वास, कोवळं ऊन. विमान उडताना बॅटरीवरचं झाकण निघून पडायचं. चिकटपट्टी सुटायची, रबर थर्माकोलमध्ये रुतायचं. मग सुनंदानं केनवडच्या बाजारातून ब्लाउजची टिचबटणं आणून झाकणाला चिकटवली. विमान शेजारच्या तुरीच्या शेतावरून सावकाश, झोपेत तरंगावं तसं फिरत राहिलं. झाकण हललंही नाही.

परीक्षक म्हणाले, "झाकन लय झ्याक बसलं वं! भावानं करून देल्लं काय?"

"भावाले तं सदऱ्याचं बटनबी लावता येत नाई, सर!" सुनंदा म्हणाली.

सगळे हसले, परीक्षकही हसले. आणि बक्षीस पुकारलं ते तिच्या दहावीतल्या भावाच्या नावानं. तेव्हा मला ती गंमत वाटली होती. आज ती सरळसरळ चोरी दिसते.

यंदाही तुमच्या गावात प्रदर्शन भरेल. मुलीच्या हातात विमान दिसलं, तर कोणी करून दिलं हे विचारू नका. कसं केलंस ते विचारा, आणि तिचं सांगून होईपर्यंत तिथून हलू नका.