एमआरआयच्या हेडफोनमधली बाई

या सदरात मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. असले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी एक. मूळची नागपूरची, आठ वर्षं बेंगळुरूत, महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. म्हणजे कोणी "आपोआप झालं" म्हटलं की त्यामागचं कारण शोधून काढणं हेच माझं काम. या गोष्टीचं कारण मला सापडलेलं नाही. आणि हे मी रागात लिहितेय, हेही आधीच सांगून टाकते... राग त्या आवाजाचा नाही.

दोन वर्षं माझं पोट दुखत होतं. जेवल्यावर तासाभराने बेंबीच्या उजवीकडे, खाली पीळ पडायचा, पोट टम्म फुगायचं आणि मग संडासला धावायचं. बासष्ट किलोंची मी एकोणपन्नासवर आले. पहिल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितलं, गॅसेस. दुसऱ्यांनी दुर्बीण घालून मोठं आतडं बघितलं आणि सांगितलं, नॉर्मल. ती दुर्बीण लहान आतड्यात नेलीच नव्हती, हे मला फार नंतर कळलं. त्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं, "आयटीत आहात? लग्न?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली, जणू काही निदान झालं. कागदावर लिहिलं — स्ट्रेस. योगा करा. आईसुद्धा फोनवर तेच म्हणायची, "विचार कमी करत जा गं." मी कसलाच विचार करत नव्हते. मला दुखत होतं.

माझ्या घरमालकीण सुलोचनाअक्का. त्यांचं घराणं चार पिढ्यांपासून इथलंच, शिवाजीनगरला कापडाचं दुकान. घरात मराठी बोलतात, पण कानडी वळणाची, वाक्याचा शेवट वर उचलून. एका संध्याकाळी मी जिन्यातच पोट धरून बसलेली त्यांना दिसले. त्या माझ्याजवळ पायरीवर टेकल्या आणि माझं मनगट हातात घेऊन बघितलं.

"हे टेन्शन नव्हे गं अश्विनी. टेन्शनने माणूस असं वाळत नाही. उद्या आपण जाऊ."

त्या मला रिंग रोडजवळच्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये घेऊन गेल्या. नाव लिहीत नाही, वकील मागे लागायचे. तिथल्या पोटाच्या डॉक्टरांनी एक गोष्ट बरोबर केली — लहान आतड्याचा एमआरआय लिहून दिला.

शनिवार, सकाळी दहा. तळघराच्या दुसऱ्या मजल्यावर एमआरआयची खोली. आधी तासभर बसवून दीड लिटर गोडसर, बुळबुळीत पाणी प्यायला लावतात, म्हणजे आतडं आतून फुगतं आणि फोटोत नीट दिसतं. मग आतड्याची हालचाल मंदावणारं एक इंजेक्शन. मला पालथं झोपवलं. डोक्याला हेडफोन, हातात रबरी चेंडू. काही त्रास झाला तर तो दाबायचा. टेक्निशियन नवीन नावाचा, शांत माणूस. त्याने सांगितलं, "रेकॉर्डेड व्हॉइस येईल मॅडम. ब्रीद इन म्हटलं की श्वास घ्या, होल्ड म्हटलं की धरा. हलू नका."

ठाकठाक सुरू झाली. ब्रीद इन. ब्रीद आउट. होल्ड. इंग्रजी, मशीनचा आवाज. असं तीन-चार वेळा झालं. पाचव्या वेळी मी श्वास धरलेला असताना त्याच हेडफोनमध्ये एक बाई मराठीत म्हणाली,

"स्वल्प थांब. दोन आहेत. एकच सांगतील ते."

आवाज घोगरा नव्हता, लांबून येत नव्हता, कुजबुजही नव्हती. बँकेच्या काउंटरवर दुपारी दोनला कंटाळलेली बाई बोलते, तसा. थोडा वैतागलेला. आणि वाक्याचा शेवट वर उचललेला. मला वाटलं, अक्का आत येऊन माइकवर बोलतायत. मी चेंडू दाबला.

"येस मॅडम?" नवीनचा आवाज.

"मराठीत कोण बोललं?"

"कोणी नाही मॅडम. रेकॉर्डिंग इंग्लिश आहे. प्लीज हलू नका, हा सीक्वेन्स परत घ्यावा लागेल."

परत घेतला. होल्ड. आणि श्वास सोडायच्या आधी पुन्हा तीच बाई, "एक खाली, एक वर. वरचं बघत नाहीत." बस. त्यानंतर शेवटपर्यंत फक्त इंग्रजी.

बाहेर आले तर अक्का वेटिंगमध्ये, मांडीवर माझी पर्स, शेजारच्या पेशंटच्या बायकोशी कानडीत बोलत बसलेल्या. मी विचारलं तशी माझ्याकडे बघतच राहिल्या. "मी कशी बोलीन? आत सोडतात होय? आणि तुझ्या पोटात किती काय आहे ते मला काय माहीत?" शेजारची बाई म्हणाली, या इथून हलल्याच नाहीत.

आता खरी गोष्ट.

रिपोर्ट आला. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात एके ठिकाणी भिंत जाड झालेली, मार्ग अरुंद. पुढे तुकडा काढून तपासला — क्रोन्स, आतड्याला सतत सूज आणणारा आजार. म्हणजे दोन वर्षं मी खोटं बोलत नव्हते. पण कोणी सॉरी म्हटलं नाही. पोटाचे ते मोठे डॉक्टर उत्साहात होते. "एकच जागा आहे. दुर्बिणीतून फुगा घालून रुंद करू. संध्याकाळी घरी."

मी म्हटलं, "सर, वरच्या भागात अजून एक असेल का? परत बघता येईल?"

"कोण म्हणालं?"

मी मूर्खासारखं खरं सांगितलं. की स्कॅनच्या वेळी काहीतरी ऐकू आलं. दोन आहेत असं.

ते हसले. वाईट हसले नाहीत, प्रेमळ हसले, आणि तेच मला जास्त लागलं. फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. मला उलटं वाचता येतं. अँक्शस, म्हणजे पुन्हा टेन्शनच. "काउन्सेलिंगला पण दाखवून ठेवू," म्हणाले. त्यांच्या खोलीतून निघून सरळ रेडिओलॉजीच्या काउंटरवर गेले तर म्हणे, पेशंटच्या सांगण्यावरून रिपोर्ट परत बघत नाहीत.

घरी येऊन मी अक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "देवीला नारळ देऊ." मी त्यांच्यावरही ओरडले. मग रात्रभर विचार केला... आणि सकाळी डॉक्टरांच्या सेक्रेटरीला फोन करून म्हटलं, "माझे मामा पुण्यात रेडिओलॉजिस्ट आहेत. त्यांनी माझ्या स्कॅनची सीडी बघितली. ते म्हणतात वर अजून एक जागा आहे."

मला मामा नाही. आईला भाऊच नाही.

वीस मिनिटांत उलटा फोन आला. दुपारी बोलावलं. एका तरुण रेडिओलॉजिस्ट बाईंना फोटो परत बघायला बसवलं होतं, आणि त्यांनी मला शेजारी खुर्ची दिली. या सगळ्यात तेवढ्या एका माणसाबद्दल माझ्या मनात राग नाही. त्यांनी समजावून सांगितलं, आतडं सारखं आवळत-सैलावत असतं. एका फोटोत एखादी जागा अरुंद दिसली तर ती तात्पुरती आवळलेली असू शकते. म्हणून तीच जागा सगळ्या फोटोंत बघायची. त्या एकेक संच उघडत गेल्या. पहिल्यात अरुंद. दुसऱ्यात अरुंद. फोटो उजळवणारं औषध शिरेतून सोडल्यानंतरच्यात अरुंद, आणि कडेने चमकणारी. तिच्या अलीकडचं आतडं फुगलेलं.

त्यांनी तिन्ही फोटो शेजारी-शेजारी लावले. मग म्हणाल्या, "हे आवळणं समजून सोडून दिलंय. तुमच्या मामांची नजर चांगली आहे."

फुगा रद्द झाला. वरच्या जागेपर्यंत दुर्बीण पोचणार नव्हती, म्हणून ऑपरेशन केलं. खालचा भाग काढला, वरचा उघडून रुंद करून शिवला. सर्जन दुसऱ्या दिवशी म्हणाले, वरची जागा जास्त वाईट होती. फक्त खालचीच फुगवली असती तर तुम्ही महिन्याभरात आतडं बंद पडून इमर्जन्सीत आला असता, आणि मग काय झालं असतं सांगता येत नाही.

चौथ्या दिवशी राउंडला मोठे डॉक्टर आले. मागे पाच-सहा शिकाऊ. मला म्हणाले, "मामांना माझे थँक्स सांगा."

"मला मामा नाहीत, सर."

"म्हणजे?"

"पुण्यात कोणी नाही. दुसरं आहे हे मीच सांगितलं होतं, तुमच्या खोलीत. तुम्ही अँक्शस लिहिलंत."

शिकाऊ डॉक्टर खाली बघायला लागले. मोठ्या डॉक्टरांनी माझा ताप किती आहे ते नर्सला विचारलं आणि पुढच्या पलंगाकडे गेले. डिस्चार्जच्या कागदांत आजही लिहिलेलं आहे — नातेवाईक डॉक्टरांच्या सूचनेवरून फेरतपासणी. मी काही म्हणाले होते, याचा कुठे उल्लेख नाही.

बरी झाल्यावर मी माझ्या पद्धतीने छडा लावायचा प्रयत्न केला. नवीनला भेटले. त्याने स्क्रीनवर आवाजाची यादी दाखवली. इंग्रजी, हिंदी, कानडी होती, मराठी नव्हतीच. माइकचं बटण दाबल्याशिवाय आत आवाज जात नाही, आणि त्या दिवशी कन्सोलच्या खोलीत तो एकटा होता. त्याला मराठी येत नाही. इंजेक्शनने भास होतात का, हे दोन डॉक्टरांना विचारलं. दोघेही म्हणाले, सहसा नाही. बरं, भास समजू. माझ्याच मनाने तो आवाज तयार केला, अक्कांची बोली उचलून. पण मग आकडा कुठून आला? ती बाई बोलली तेव्हा निम्मे फोटोही काढून झाले नव्हते. जे कोणी बघितलंच नव्हतं, ते माझ्या मनाला कसं कळलं?

अक्कांच्या मते देवी. मी वाद घालत नाही. पण देवी असेल तर तिला माझा प्रश्न आहे — दोन वर्षं कुठे होतीस? आणि बोलायचंच होतं तर त्या डॉक्टरांच्या कानात का नाही बोललीस?

अकरा महिन्यांनी पुन्हा तोच एमआरआय झाला. तेच पाणी, तेच हेडफोन, तोच नवीन. मी प्रत्येक होल्डला कान देऊन पडले होते. काहीच आलं नाही. शेवटी दोन सीक्वेन्सच्या मधल्या शांततेत मी त्या बोगद्यात मोठ्याने विचारलं, "आता किती आहेत?"

"मॅडम, प्लीज बोलू नका," नवीन म्हणाला.

रिपोर्ट स्वच्छ आला. मला जेवता येतं, झोप लागते, वजन सत्तावन्न आहे. ती कोण होती आणि तिला कसं कळलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते मिळेल असंही वाटत नाही. अक्का म्हणतात, आता तरी राग सोड. अजून सुटलेला नाही.